कोटेशन दहा व्हिनियर्सचं, खटकणारा दात एक: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पेशंट ३१ वर्षांची, तब्येतीची काही तक्रार नाही, गोळ्या-औषधं चालू नाहीत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत, बाकी जसं घडलं तसं लिहितोय. ती आली तेव्हा तिच्या हातात दुसऱ्या एका क्लिनिकचं कोटेशन ऑलरेडी होतं. वरचे दहा दात, पोर्सिलेन व्हिनियर्स, दोन सिटिंगमध्ये काम पूर्ण. मनाची तयारी जवळजवळ झालेलीच होती, ॲडव्हान्स भरायचा तेवढा बाकी, फक्त नवरा म्हणाला की एवढं मोठं काम आहे तर एकदा दुसऱ्या कोणाला तरी दाखवून घे, म्हणून आली.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, नेमका कोणता दात खटकतो? तिने लगेच समोरच्या दोन दातांपैकी उजव्यावर बोट ठेवलं. आणि बाकीचे? "बाकीचे तसे ठीकच आहेत डॉक्टर, पण तिकडे म्हणाले करायचे तर सगळेच करावे लागतील."

म्हणजे तक्रार एका दाताची आणि इलाज दहा दातांचा. हे ऐकून लगेच 'लुटतात हो' असं म्हणायचा मोह होतो, पण तसं नाहीये, त्यामागे एक खरं कारण आहे, त्यावर पुढे येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हिनियर म्हणजे दाताच्या फक्त समोरच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा, साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे बोटाला लावतात त्या कृत्रिम नखाएवढा. तो पोर्सिलेनचा असतो किंवा कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या मटेरियलचा. पोर्सिलेनचा लॅबमध्ये बनतो, कंपोझिटचा बहुतेक वेळा डॉक्टर खुर्चीवरच हाताने थर देऊन बनवतात. पोर्सिलेनवाला बसवायचा तर त्याला जागा हवी म्हणून दाताचं वरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, सहसा थोडं घासावं लागतं, आणि इनॅमल एकदा गेलं की ते परत येत नाही. शिवाय समोरच्या दातावर इनॅमल असतंच किती, कडेला साधारण एक मिलिमीटर आणि हिरडीजवळ तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. चिकटण्याचा सगळा भरवसा या इनॅमलवर असतो. घासता घासता खालचा मऊसर थर, म्हणजे डेंटिन, उघडा पडला तर पकड कमी होते आणि दातही शिवशिवतो.

नेमकी अडचण काय होती

लहानपणी, नऊ-दहा वर्षांची असताना, जिन्यावरून पडून तो दात आपटला होता. तुटला नाही, हलला नाही, दोन दिवस दुखला आणि थांबला, त्यामुळे कोणाला दाखवलंच नाही. नंतर कॉलेजच्या वयात लक्षात यायला लागलं की हा दात शेजारच्यापेक्षा पिवळा पडतोय. मग ओठ मिटून हसायची सवय लागली, फोटोत मान थोडी वळवायची सवय लागली.

आणि गेल्या दोन-तीन वर्षांत ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंग्ज वाढल्या आणि रोज तासन्‌तास स्वतःचा चेहरा स्क्रीनवर बघायची वेळ आली. तिने मला मोबाइलमधले फोटो दाखवले, सगळे समोरच्या कॅमेऱ्याने हातभर अंतरावरून काढलेले आणि मग झूम केलेले. इथे जरा विषयांतर, पण ते कामाचं आहे. इतक्या जवळून फोटो काढला की चेहऱ्याचा जो भाग कॅमेऱ्याच्या जवळ तो प्रमाणापेक्षा मोठा दिसतो, म्हणजे नाक आणि समोरचे दोन दात. फोटो बघून स्वतःच्या दातांबद्दल मत बनवायचं असेल तर दुसऱ्या कोणाला तरी चार-पाच फुटांवरून काढायला सांगा. आम्ही तेच केलं. लांबून काढलेल्या फोटोत पिवळा दात पिवळाच होता, म्हणजे तक्रार खरी होती, पण 'सगळे दात वेडेवाकडे दिसतात' हा भाग बराचसा गळून पडला.

लांबच्या फोटोत आणखी काय दिसलं ते पण सांगतो. एकूण दात थोडे पिवळट, मधल्या दोन दातांच्या शेजारचे दोन्ही दात जरा अरुंद आणि त्यांच्या बाजूला केसाएवढी फट, कडा किंचित खालीवर. यातलं एकही तिला आधी फारसं खटकत नव्हतं. कोटेशन घेताना तिकडे ते दाखवलं गेलं आणि मग खटकायला लागलं. कन्सल्टेशनमध्ये हे फार होतं, एक गोष्ट दाखवायला गेलेला माणूस पाच गोष्टी घेऊन घरी येतो.

तपासणीत काय दिसलं

कोटेशनसोबत तिच्याकडे एकही एक्स-रे नव्हता. एकच दात रंग बदलतो तेव्हा त्याच्या आत काय झालंय हे बघितल्याशिवाय बाहेरून काहीही चिकटवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. नस मेलेली असेल, मुळाशी पू असेल, तर आधी रूट कॅनॉल लागतं.

एक्स-रेत दिसलं की नसेची पोकळी जवळजवळ भरून आलीय. मार बसल्यावर काही दातांत असं होतं, आतली नस हळूहळू स्वतःभोवती डेंटिनचे थर चढवत जाते, पोकळी बुजत जाते, आणि डेंटिन जाड झाल्यामुळे दात पिवळा दिसतो. थंड लावून बघितलं तर त्या दाताने काही प्रतिसाद दिला नाही. पण अशा बुजलेल्या दातात थंड टेस्टवर विसंबता येत नाही, प्रतिसाद नाही म्हणजे नस मेली असं होत नाही. मुळाभोवतीचं हाड व्यवस्थित होतं, ठोकून बघितलं तर दुखत नव्हतं, सूज नव्हती. त्यामुळे रूट कॅनॉल नको, वर्षातून एकदा एक्स-रे काढून लक्ष ठेवायचं, असं ठरवलं. बुजलेली पोकळी शोधत दात कोरत बसणं हे धोक्याचं काम असतं, कारण नसताना करू नये.

दुसरी गोष्ट, हिरड्यांतून रक्त येत होतं, फार नाही पण होतं. व्हिनियर चिकटवताना हिरडीजवळ रक्ताचा किंवा ओलाव्याचा थेंब आला तर तिथली पकड गेली.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्या दृष्टीने सगळ्यात बिनमहत्त्वाची. सुळ्यांची टोकं सपाट झाली होती, खालच्या समोरच्या दातांच्या कडा घासलेल्या, इनॅमलवर बारीक उभ्या रेषा. विचारलं, झोपेत दात खाता का? "नाही हो." मग जरा थांबून, "नवरा म्हणतो कधीकधी आवाज येतो." झोपेत दात खाणाऱ्यांची व्हिनियर्स तुटण्याची आणि कपचे उडण्याची शक्यता जास्त असते. कोटेशनमध्ये नाईट गार्डचा, म्हणजे झोपताना दातांवर घालायच्या संरक्षक कवचाचा, उल्लेख नव्हता.

समोर असलेले पर्याय

काहीच न करणं हा पण पर्याय असतो आणि तो मी मोठ्याने बोलून दाखवतो, कारण खुर्चीत बसलेल्या माणसाला तो सुचत नाही. दात निरोगी होता, दुखत नव्हता. तिने तो ऐकला आणि नको म्हणाली. पंधरा वर्षं खटकतंय, आता करायचंच. ठीक आहे.

कॅप लावणं, म्हणजे दात चारी बाजूंनी घासून वर टोपी बसवणं, हे मी सुरुवातीलाच बाद केलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत पूर्ण कॅपसाठी दाताचा दिसणारा भाग ६३ ते ७२ टक्के घासला जातो असं आलं होतं, व्हिनियरसाठी प्रकाराप्रमाणे ३ ते ३० टक्के. धडधाकट दातावर कॅप कशाला? एक सांगून ठेवतो, सोशल मीडियावर 'व्हिनियर्स केले' म्हणून जे फोटो फिरतात, त्यात मधल्या टप्प्याच्या फोटोत दात खुंटीसारखे टोकदार घासलेले दिसत असतील तर ती व्हिनियर्स नाहीत, त्या कॅप आहेत.

रूट कॅनॉल करून आतून ब्लीच करणं हा मार्ग नस मेलेल्या दातासाठी चांगला आहे, इथे तो लागू नव्हता. अलाइनर्स, म्हणजे दात हळूहळू सरकवणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे, लावून आधी दात सरळ करणं हेही बोललो, पण दात इतके सरळ होते की त्यात काही हशील नव्हता. दात खरंच पुढे-मागे असतील तर मात्र हा पर्याय आधी बघावा, कारण वाकडा दात व्हिनियरने 'सरळ' दाखवायचा म्हणजे पुढे आलेला भाग घासून काढायचा, आणि तिथे इनॅमल संपून डेंटिन लागायला वेळ लागत नाही.

मग उरले खरे पर्याय. एक, दहा व्हिनियर्स. दोन, फक्त त्या दाताला एक पोर्सिलेन व्हिनियर. तीन, व्हाइटनिंग करायचं आणि लागेल तिथे कंपोझिट.

आता ते दहाचं कारण. समोरच्या दोन दातांपैकी एकालाच व्हिनियर लावून ते शेजारच्या नैसर्गिक दाताशी हुबेहूब जुळवणं हे आमच्या धंद्यातल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे. नैसर्गिक दात एका रंगाचा नसतो, हिरडीजवळ वेगळा, मधे वेगळा, कडेला किंचित पारदर्शक, त्यात बारीक पांढरे ठिपके-रेषा. आणि दोन्ही दात एकमेकांना चिकटून, अगदी चेहऱ्याच्या मधोमध, फरक झाकायला जागाच नाही. त्यात खालचा दात पिवळा, म्हणजे तो झाकायला पोर्सिलेन कमी पारदर्शक घ्यावं लागतं, आणि कमी पारदर्शक घेतलं की ते निर्जीव दिसायला लागतं. हे सगळं टाळायचा सोपा उपाय म्हणजे हसताना दिसणारे सगळे दात एकाच साच्यातले करून टाकणं. मग जुळवायला कोणी उरतच नाही.

म्हणून माझ्या मते अशा केसमध्ये 'व्हिनियर लावू की नको' हा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न हा की जुळवण्याचे कष्ट कोणी घ्यायचे, डॉक्टर आणि लॅबने, की चांगल्या नऊ दातांच्या इनॅमलने? मी तिला हे असंच सांगितलं. ज्यांचे सगळेच दात खराब आहेत, गोळ्यांमुळे गडद करडे झालेत किंवा इनॅमलच मुळात नीट बनलेलं नाहीये, त्यांच्यासाठी आठ-दहा व्हिनियर्स हा योग्य निर्णय असू शकतो. इथे तसं नव्हतं.

वयाचं गणित पण मांडलं. पोर्सिलेन व्हिनियर्स चांगली केलेली असतील तर दहा वर्षांनी दहातली साधारण नऊ जागेवर असतात, हा आकडा चांगला आहे, पण ती जन्मभराची नाहीत. एक व्हिनियर बारा-पंधरा वर्षं टिकतं धरलं तर ३१ व्या वर्षी सुरू केलेलं काम पंच्याहत्तरीपर्यंत दोन-तीन वेळा परत करावं लागणार, दर वेळी जुनं काढताना थोडा दात जाणार, दर वेळी खर्च. गुणिले एक की गुणिले दहा, हे ठरवायचं. तिने ते मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तिथेच करून बघितलं आणि जरा गप्प झाली.

काय केलं

क्रम असा ठरवला की ज्यातून मागे फिरता येतं ते आधी, ज्यातून फिरता येत नाही ते शेवटी, आणि प्रत्येक पायरीवर 'बस, इथेच थांबू' म्हणायची मुभा.

आधी दात साफ केले, फ्लॉस कसा करायचा ते शिकवलं, काही आठवड्यांत रक्त थांबलं.

मग व्हाइटनिंग. घरी रात्री घालायचे ट्रे, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल. ही पद्धत १९८९ पासून वापरात आहे, सावकाश चालते पण भरवशाची. इथे पहिला निर्णयाचा क्षण आला. तिला पहिल्या दिवसापासून सगळेच दात पांढरे करायचे होते, साहजिक आहे. पण सगळे एकदम उजळले तर फरक तेवढाच राहणार, उलट बाकीचे दात लवकर उजळतात आणि बुजलेला दात संथ चालतो, म्हणजे सुरुवातीला फरक वाढलेलाच दिसणार. म्हणून पहिले काही आठवडे ट्रे असा कापून दिला की जेल फक्त त्या एका दातावर राहील. तो जितका उजळतो तितका उजळू द्यायचा आणि मग बाकीच्यांना घ्यायचं. या काळात तिचे दोन-तीनदा मेसेज आले की काहीच होत नाहीये. होत होतं, पण रोज बघणाऱ्याला कळत नाही, म्हणून दर भेटीत त्याच उजेडात, शेड गाइडची (दातांच्या रंगांच्या नमुन्यांची) पट्टी दाताशेजारी धरून फोटो काढत गेलो. पहिला फोटो आणि सहाव्या आठवड्याचा फोटो शेजारी ठेवल्यावर तिला पटलं. दात शिवशिवले तेव्हा एक दिवसाआड घालायला सांगितलं, बस.

शेवटी बाकीचे दात ए२ वरून ए१ वर आले आणि तो दात ए४ वरून ए३ च्या आसपास. (ए ही रंगाची जात, पुढचा आकडा जितका मोठा तितका दात गडद.) म्हणजे फरक उरला, पण बराच सौम्य झाला.

दुसरा क्षण इथे. ती स्वतःच म्हणाली, "आता एवढं खटकत नाही, थांबू का इथेच?" मी म्हटलं थांबा, महिनाभर असंच राहून बघा, घाई काय आहे. माझ्या मते हा सगळ्या केसमधला सगळ्यात उपयोगी महिना होता. महिन्याने ती आली तेव्हा तिचं उत्तर जास्त नेमकं होतं. समोरासमोर बोलताना आता ती विसरून जाते, पण फ्लॅशच्या फोटोत तो दात अजूनही वेगळा येतो आणि त्याचंच काहीतरी करायचंय, बाकी रंगाबद्दल तक्रार संपली. दहा दातांचा विषय तिच्या बोलण्यातून आपोआप निघून गेला होता.

मग मॉक-अप. दातांचं माप घेऊन त्या साच्यावर लॅबने मेणाने हवा तसा आकार बनवला, त्याचा रबरासारख्या पुट्टीत ठसा घेतला, त्यात टेम्पररी मटेरियल भरून तो न घासलेल्या दातांवर दाबला. पाच मिनिटांत नवे दात, दाताला ओरखडाही नाही. मी सहा दातांचा मॉक-अप मुद्दाम केला, अरुंद दात रुंद करून आणि कडा एकसारख्या करून, आणि तो तिला दोन दिवस घरी घालून जाऊ दिला. आरशात तिला तो आवडला. पण दुसऱ्या दिवशी फोन आला की 'फ' आणि 'व' म्हणताना ओठ दाताला जास्तच लागतोय, मीटिंगमध्ये अडखळायला झालं, आणि समोरचे दोन दात फार लांब वाटतायत. फ आणि व ला वरच्या दातांची कड खालच्या ओठाला टेकते, त्यामुळे लांबी अर्धा मिलिमीटर जरी चुकली तरी तोंडाला कळतं. या दोन दिवसांतून दोन गोष्टी निघाल्या: समोरच्या दोघांची लांबी आहे तीच ठेवायची, आणि शेजारचे अरुंद दात रुंद झालेले तिला मनापासून आवडलेत. कॉम्प्युटरवर केलेल्या चित्रात ही माहिती मिळाली नसती, चित्र बोलत नाही.

अरुंद दातांना कंपोझिट लावायचं ठरलं. काही घासायचं नाही, फक्त भर घालायची, एका सिटिंगमध्ये काम. मात्र व्हाइटनिंगनंतर निदान दोन आठवडे थांबावं लागतं, दातात उरलेला ऑक्सिजन चिकटवण्याच्या मटेरियलला नीट घट्ट होऊ देत नाही. तो काळ उलटून गेला होता.

आता मुख्य दात. इथे आमचं मत जुळलं नाही. माझा कल कंपोझिटकडे होता, कारण घासायला लागत नाही आणि नाही आवडलं तर काढता येतं. तिला पोर्सिलेन हवं होतं. तिचं म्हणणं असं की कंपोझिटला चहा-कॉफीचे डाग पडणार, दोन-तीन वर्षांनी पॉलिश, पाच-सात वर्षांनी नवं, "मला आयुष्यभर याच दाताचा विचार करत बसायचं नाहीये, एकदा नीट करून टाका." मी यावर वाद घातला नाही. स्वभाव हा पण निकष असतो, कोणाला मागे फिरायची सोय महत्त्वाची, कोणाला डोक्यातून विषय जाणं महत्त्वाचं. शिवाय व्हाइटनिंगमुळे दात ए३ पर्यंत आला होता, त्यामुळे आता कमी जाडीत झाकता येणार होता, ए४ वर ते जमलं नसतं. व्हाइटनिंगने व्हिनियर टळलं नाही पण घासणं कमी झालं, हा हिशेब लोक धरत नाहीत.

शेड घ्यायची ती सिटिंग सुरू होताच, तोंड उघडं ठेवायच्या आधी. दहा मिनिटं तोंड उघडं राहिलं की दात वाळतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात, त्या वेळी घेतलेली शेड हमखास चुकते. लॅबच्या टेक्निशियनला बोलावून घेतलं, त्याने शेजारच्या दाताचा कागदावर नकाशाच काढला, कुठे पिवळसर, कुठे पारदर्शक, कुठे पांढरी रेष. घासल्यानंतर खालच्या दाताचा रंग कोणता आहे तोही फोटो काढून पाठवला. घासणं सगळं इनॅमलमध्येच राहिलं.

पहिलं व्हिनियर आलं आणि ते नापास झालं. कायमचं चिकटवायच्या आधी पाण्याने धुतल्या जाणाऱ्या पेस्टवर बसवून बघता येतं, तसं बसवलं. क्लिनिकच्या दिव्यात छान दिसलं, तिलाही आवडलं, पण खिडकीपाशी नेऊन हातातल्या आरशात बघितल्यावर ते खडूसारखं दिसायला लागलं, शेजारच्या दातातून उजेड आत शिरतोय आणि याच्यावरून परत येतोय. तिसरा निर्णयाचा क्षण हा. ती म्हणाली चालेल हो, किती दिवस थांबायचं. मी परत पाठवलं. टेम्पररी घालून आणखी काही दिवस काढावे लागले, ती वैतागली, लॅबवालाही वैतागला. दुसरं आलं ते कडेला जास्त पारदर्शक होतं आणि खिडकीपाशी टिकलं. मग रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा, लावून, दात कोरडा ठेवून, दाताला आणि पोर्सिलेनला वेगवेगळं ॲसिड लावून, रेझिन सिमेंटने बसवलं. नाईट गार्डसाठी त्याच आठवड्यात माप घेतलं.

निकाल

दोन कंपोझिट, एक पोर्सिलेन, बाकी सगळे दात जसेच्या तसे. पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सहा महिने लागले, तिकडे दोन सिटिंगमध्ये होणार होतं.

दीड वर्षाने काय परिस्थिती आहे? व्हिनियर मजबूत आहे, हिरडी निरोगी आहे, एक्स-रे पहिल्यासारखाच. एका कंपोझिटचा कोपरा उडाला, तो अर्ध्या तासात दुरुस्त झाला. का उडाला ते विचारल्यावर कळलं की नाईट गार्ड दोन महिने घातला आणि मग ड्रॉवरमध्ये गेला.

आणि एक गोष्ट जी आधी कोणाच्या फारशी लक्षात येत नाही. व्हाइटनिंग केलेल्या दातांचा रंग हळूहळू थोडा मागे येतो, व्हिनियर मात्र आहे त्या रंगाचं राहतं. वर्षभरात तिचे बाकीचे दात किंचित उतरले आणि जो दात पूर्वी सगळ्यात पिवळा होता तोच आता, अगदी बारकाईने बघितलं तर, सगळ्यात पांढरा. व्हिनियरला ब्लीच लागू होत नाही, तेव्हा आता बाकीच्या दातांनीच त्याच्या बरोबरीला राहायचं. दर काही महिन्यांनी चार-पाच रात्री ट्रे घालायचा, की जुळतं. तिला याचं काही वाटत नाही, पण 'एकदा करून टाका' म्हणणाऱ्या माणसाला शेवटी ट्रे चुकले नाहीतच.

काय वेगळं करता आलं असतं

शेड घ्यायला अजून थांबायला हवं होतं. त्या उपयोगी महिन्यानंतर मॉक-अपच्या आधी तिने आणखी काही रात्री जेल लावलं होतं, आणि त्यानंतर दोन आठवड्यांवर थोडे दिवस गेल्यावर शेड घेतली. चिकटवण्यासाठी तेवढं पुरेसं असतं, पण रंग स्थिरावायला सहा-आठ आठवडे दिले असते तर व्हिनियर किंचित गडद बनलं असतं आणि वर लिहिलेला फरक कमी पडला असता. फ्लॅशचा फोटो समोर असताना पेशंट गडद शेडला हो म्हणत नाही, हा भाग वेगळा.

नाईट गार्डचं माप व्हिनियरच्या आधी घेऊन, महिनाभर घालून दाखव मग पुढचं काम, असं करता आलं असतं. जी गोष्ट पेशंटला गरजेची वाटत नाही ती काम झाल्यावर दिली की ड्रॉवरमध्येच जाते.

मॉक-अपमध्ये सहा दात दाखवणं यावर मी अजून दोन्ही बाजूंनी विचार करतो. अरुंद दातांची तिची मूळ तक्रार नव्हती. दाखवल्यामुळे तिला आवडले आणि दोन कंपोझिट वाढले, म्हणजे पहिल्या क्लिनिकने जे केलं तेच मी छोट्या प्रमाणात केलं असं कोणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. माझी बाजू एवढीच की ते कंपोझिट उद्या काढून टाकले तर खाली अख्खा दात आहे.

आणि कागद. काम झाल्यावर तिला एका पानावर लिहून दिलं: मटेरियल कोणतं, शेड कोणती, सिमेंट कोणतं, घासण्याआधीचे फोटो, जुन्या-नव्या एक्स-रेच्या कॉपी. हे तिने मागितलं नव्हतं. पंधरा वर्षांनी ते व्हिनियर बदलायची वेळ येईल तेव्हा ती कदाचित दुसऱ्याच डॉक्टरकडे असेल, आणि त्याला पहिला प्रश्न हाच पडणार की या पांढऱ्या पापुद्र्याखाली इनॅमल किती शिल्लक आहे. तोवर वर्षाला एक एक्स-रे. बुजलेल्या दाताची नस पुढेमागे मेलीच तर रूट कॅनॉल मागच्या बाजूने करता येतं, समोरच्या व्हिनियरला हात लावावा लागत नाही. हेही त्या पानावर लिहिलंय.